पिंग गेले, उत्तर आले नाही!
जुन्या लिनक्सवरील जाळे बिघडले की शोध कोठून सुरू करावा?

माल बांधून तयार आहे, ट्रक फाटकाशी उभा आहे आणि संगणक मात्र चलन छापायला तयार नाही. वस्तू व सेवा कर २०१७ साली लागू होण्यापूर्वीच्या काळात केंद्रीय अबकारी खात्याच्या चलनाशिवाय माल कारखान्याबाहेर काढता येत नसे. त्यामुळे अंबरनाथ एमआयडीसीतील एखाद्या रसायन कारखान्यात भांडारातला संगणक आणि कार्यालयातला सर्व्हर यांच्यातील संपर्क तुटला, तर तो केवळ संगणक विभागाचा प्रश्न राहत नसे. सारी रवानगीच खोळंबत असे. त्यातून जळलेले नेटवर्क कार्ड बदलायचे म्हणजे अंबरनाथहून लोकल पकडून दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. दिवस गेलाच म्हणून समजावे. दोष नेमका कोठे आहे हे आधी कळणे म्हणूनच मोलाचे होते.

लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात नेटवर्कची सोयच नव्हती. ती १९९२ मध्ये रॉस बायरो यांच्या कामातून आली. पुढे फ्रेड व्हॅन केम्पेन आणि ॲलन कॉक्स यांनी ती सुधारली आणि मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती बाहेर पडली. परवान्याचा खर्च नाही आणि साध्या ३८६ किंवा ४८६ यंत्रावर युनिक्ससारखी प्रणाली चालते, हे तिचे आकर्षण. मात्र त्या काळच्या लिनक्सवर जाळे बिघडले की प्रणाली काही समजावून सांगत नसे. विचारायचे कसे, हे ज्याचे त्याला ठाऊक असावे लागे.

शोध घ्यायचा तो खालून वर. आधी तार, मग कार्ड, मग पत्ता, मग मार्ग आणि सर्वांत शेवटी नाव. बहुतेक जण नेमके उलटे करतात. सर्व्हरच्या फायली बदलत बसतात आणि दोष निघतो टेबलामागच्या जोडात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

तारेबाबत थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्या पिढीतील सर्वाधिक दोष तेथेच असत. पातळ कोॲक्शियल तारेचे इथरनेट म्हणजे एकच तार एका यंत्राकडून दुसऱ्याकडे फिरवलेली. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी 'टी' आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. लांबीची मर्यादा १८५ मीटर, यंत्रांची ३०. तार मध्येच कोठे तुटली, तर फक्त पुढची यंत्रे बंद पडत नाहीत, सगळीच पडतात. तुटक्या टोकावरून संदेश परत फिरतो आणि मूळ संदेशात मिसळून त्याचा गोंधळ करतो. यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे, तो म्हणजे विजेच्या कारागिराकडचा मल्टिमीटर. सर्व यंत्रे बंद करून कोणत्याही एका 'टी' जोडाच्या मोकळ्या तोंडावर रोध मोजावा. तो सुमारे २५ ओहम आला तर तार ठीक, कारण दोन्ही टर्मिनेटर समांतर मोजले जातात. ५० आला तर एका बाजूची तार तुटली आहे किंवा तिकडचा टर्मिनेटर गळाला आहे. शून्य आला तर आतला गाभा आणि बाहेरची जाळी कोठेतरी एकमेकांना चिकटली आहे. आम्लाच्या वाफा आणि पावसाळी दमट हवा असलेल्या आवारात तांब्यावर हिरवट थर चढतो. अशा वेळी आकडा स्थिर न राहता सारखा हलतो.

याच प्रकारातील एक फसवा दोष म्हणजे केबलवाल्याकडून आणलेली तार. दूरचित्रवाणीची तार ७५ ओहमची असते. दिसायला ती तशीच, जोडही जेमतेम बसतो आणि थोडे अंतर असेल तर काम चालतेही. अंतर वाढले की संदेश गळू लागतात आणि दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो.

तार ठीक निघाली की कार्डाकडे वळावे. एनई२००० जातीची स्वस्त कार्डे बहुधा इंटरप्ट क्रमांक ३ वर लावलेली येत आणि नेमका तोच क्रमांक दुसऱ्या सिरियल पोर्टचा, म्हणजे अनेकदा मोडेमचा. मोडेम सुरू केला की जाळे बंद पडते, ही तक्रार ऐकली की प्रथम हाच संशय घ्यावा. यंत्र सुरू होताना गाभा जे संदेश दाखवतो ते 'डीमेसेज' या आज्ञेने पुन्हा वाचता येतात. कार्डाचे नावच तेथे नसेल, तर पुढची खटपट व्यर्थ आहे.

यानंतर 'पिंग'. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत काम करणारे माइक मूस यांनी हा छोटा प्रोग्राम डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, तोही जाळ्यातील एक विचित्र बिघाड शोधण्यासाठी. नाव पाणबुडीशोधक सोनारच्या आवाजावरून घेतलेले. मात्र स्वतःच्याच यंत्राच्या पत्त्यावर पिंग केल्याने तारेविषयी काहीच कळत नाही, कारण तो संदेश यंत्राबाहेर पडतच नाही. शेजारच्या यंत्राला पिंग करावे. 'नेटवर्क अनरीचेबल' असे उत्तर आले, तर दोष तारेचा नसून मार्गाच्या कोष्टकाचा आहे. १९९९ मधील २.२ आवृत्तीपूर्वी 'आयएफकॉन्फिग' आज्ञेने पत्ता दिला तरी आपल्याच जाळ्याचा मार्ग 'रूट' आज्ञेने वेगळा सांगावा लागे. ही एक ओळ विसरल्याने अनेकांनी चांगली कार्डे फेकून दिली असतील!

काही यंत्रे भेटतात आणि काही भेटत नाहीत, तेव्हा नेटमास्क तपासावा. एकच यंत्र कधी भेटते, कधी नाही, तेव्हा 'एआरपी' आज्ञा थोड्या थोड्या वेळाने चालवावी. एकाच पत्त्यासमोर कार्डाचा अंगभूत क्रमांक बदलत असेल, तर दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेला आहे.

सर्वांत चकवणारा दोष नावाचा. पिंग लगेच उत्तर देते, पण टेलनेटने सर्व्हरला जोडल्यावर नाव विचारायलाच मिनिटभर लागतो. सर्व्हर तेवढा वेळ, जोडणाऱ्या यंत्राचे नाव काय, याचा शोध घेत असतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा खुली केल्यानंतर डायल-अप जोडणी घेणारे आपल्या यंत्रात निगमच्या नामसर्व्हरचा पत्ता लिहून ठेवत. फोन जोडलेला नसला की ती विचारणा अधांतरी राही. आवारातील सर्व यंत्रांची नावे व पत्ते 'होस्ट्‌स' फाइलमध्ये लिहिले आणि आधी तीच फाइल पाहण्याची सूचना दिली, की हा मिनिट वाचतो.

पावसाळ्यातील बिघाडाची जात वेगळी. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल आणि त्यांच्यामध्ये तांब्याची तार टाकलेली असेल, तर जवळपास वीज कोसळताच दोन्हीकडची कार्डे एकदम जळतात. तेथे आज्ञा चालवून उपयोग नाही. इमारतींमध्ये प्रकाशीय तंतूच टाकावा लागतो, कारण काचेतून विजेचा प्रवाह जात नाही.