पंधरा दात्यांचे स्प्रॉकेट

मोटारसायकलचे इंजिन चाकाला थेट जोडले तर गाडी जागची हलणार नाही. इंजिनाकडे फेरे भरपूर, जोर तोकडा. चाकाला निघताना हवे असते नेमके उलट. लहान दातेरी चाकाने मोठे फिरवले की फेरे घटतात आणि त्याच पटीत टॉर्क वाढतो. ताकद मात्र वाढत नाही. उलट घर्षणात थोडी सांडतेच.

हा हिशेब चाकणच्या बजाज ऑटो कारखान्यात तयार झालेल्या, २०१३ साली भारतात आलेल्या पहिल्या केटीएम ३९० ड्यूकवर पाहावा. क्रँकशाफ्टवरचा ३० दात्यांचा गिअर क्लचचा ८० दात्यांचा गिअर फिरवतो: २.६७ पट घट. पहिल्या गिअरमध्ये १२ दाते ३२ दात्यांना फिरवतात, पुन्हा २.६७ पट. शेवटी चेन: पुढे १५ दाते, मागे ४५, ३ पट. घट बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते, म्हणून एकूण २१.३३. इंजिनाचा ३५ न्यूटन मीटर टॉर्क चाकाशी, घर्षण सोडून, ७४६ च्या घरात जातो.

सहाव्या गिअरमध्ये २५ दाते २१ दात्यांना फिरवतात, म्हणजे या टप्प्यात घट नाहीच, वेग वाढतो. एकूण घट ६.७२ वर येते. मिनिटाला ९,५०० फेऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये ताशी सुमारे ५१ किलोमीटर, सहाव्यात हिशेबाने १६३. मधले गिअर सारख्या अंतरावर नाहीत. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे ३० टक्के पडतात, पाचव्यातून सहाव्यात जेमतेम १२. वर हवेचा अडथळा मोठा, तिथे फेरे फार पडले तर इंजिन दमते. म्हणून वरचे गिअर दाटीने बसवलेले असतात.

एवढ्या साखळीत मालकाला सहज बदलता येते ते चेनचे पुढचे दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट. ते का बदलावेसे वाटते हे समजायला रांजणगाव एमआयडीसीची शिफ्ट सुटताना कारेगावचा नगर रोड पुरेसा आहे. ताशी १० किलोमीटरला पहिल्या गिअरमध्येही हे इंजिन १,८५० फेऱ्यांवर धडधडते आणि हात क्लचवरून निघत नाही. मग कुणीतरी १५ ऐवजी १४ दाते सुचवतो. घट ७ टक्क्यांनी वाढते, पिकअप लगेच जाणवतो. मागचे स्प्रॉकेट ४५ वरून ४८ केले तरी जवळपास तेच साधते, पण ते महाग पडते.

किंमत मोकळ्या रस्त्यावर चुकवावी लागते. सहाव्या गिअरमध्ये ताशी ८० ला ४,६६० ऐवजी जवळजवळ ५,००० फेरे होतात. ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्समधून मोजला जातो, त्यांचा काटा खोटे बोलू लागतो. पुढच्या चाकावरून मोजणाऱ्यांचा नाही. चेन सैल पडते म्हणून चाक सुमारे ४ मिलिमीटर मागे ओढावे लागते. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. चेनच्या कड्या आतली-बाहेरची अशा आलटून पालटून आणि सम संख्येत असतात. १५ विषम, त्यामुळे प्रत्येक दात्याला एका फेऱ्यात आतली कडी, पुढच्यात बाहेरची. १४ दात्यांत सातांना कायम आतली आणि सातांना कायम बाहेरची, आणि झीजही एक आड एक दात्यावर उमटत जाते.