लालपरीने एका दिवसात: यवतमाळहून कुठे जाता येईल?

यवतमाळहून एका दिवसाची सहल करायला स्वतःची गाडी लागतेच असं नाही; एसटीची लालपरी पुरते.

कळंबपासून सुरुवात करावी. नागपूर रस्त्यावर जेमतेम पंचवीस किलोमीटर, आणि वर्धा-नागपूरकडे जाणाऱ्या एसट्या याच वाटेने जातात. इथला चिंतामणी गणपती जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून गेलं की समोर कुंड, पलीकडे दक्षिणाभिमुख मूर्ती. कुंडातलं पाणी कधीकधी इतकं चढतं की मूर्तीला लागतं, आणि मग दर्शनाला गर्दी उसळते. चतुर्थीला तसंही एसटीत उभं राहूनच जावं लागतं, म्हणून साधा वार बरा.

टिपेश्वर अभयारण्याचं गणित मात्र वेगळं. पांढरकवड्यापर्यंत एसटी, पण पुढे सुन्ना प्रवेशद्वार आणि जंगलात जीप. सकाळची सफारी गाठायची तर पांढरकवड्यात मुक्काम हवा. एका दिवसात परतायचं असेल तर दुपारची फेरी धरावी. त्यानंतर परतीची गाडी मिळेल का, हे पांढरकवडा स्थानकात चौकशीच्या खिडकीवर सकाळीच विचारून ठेवलेलं बरं.

यवतमाळहून मूर्तिजापूरला नेणारी शकुंतला रेल्वे मात्र आता धावत नाही. रेल्वेप्रेमींना त्याची हळहळ कायम आहे.

भाड्याचं म्हणाल, तर मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासूनच प्रवास मोफत. आजी-आजोबांना ओळखपत्र घ्यायला सांगा.