जुना प्रोग्राम, नवे पोते



काट्याची पावती नि ऊसबिल काढणारा जुना संगणक-प्रोग्राम नव्या बांधणीत घालायचा म्हटले, की "आमच्या वजनाचे काय?" हा प्रश्न येणारच. तो रास्तच आहे.

मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एमएसआयएक्स ही बांधणी आणली. जुन्या पद्धतीत प्रोग्रामच्या फायली विंडोजमध्ये चार ठिकाणी विखुरतात. काढला तरी कचरा मागे राहतो. नव्यात सारे एका पोत्यात, तोंड शिवून, वर सहीशिक्का. सही नसेल तर विंडोज पोते आत घेत नाही. प्रोग्राम नव्याने लिहावा लागत नाही. कोऱ्या संगणकावर तो बसवताना होणारे बदल पॅकेजिंग टूल टिपून घेते व पोते बांधते.

मात्र शिवलेल्या पोत्यात प्रोग्रामला काही लिहिता येत नाही. स्वतःच्याच फोल्डरात हिशेब लिहिणारा प्रोग्राम तिथे अडतो. म्हणून वजने-बिले बाहेर, वेगळ्या जागी हवीत आणि त्यांची नक्कल आधी काढलेली हवी. काट्याच्या जोडणीला ड्रायव्हर लागत असेल तर तोही पोत्यात जात नाही. वेगळा बसवावा लागतो.

आम्हांस वाटते, हे काम पट्टा पडल्यावरच करावे, आणि जुने-नवे आकडे ताडून पाहावेत. आपणही पावत्या जपून ठेवा. ताळा त्यांच्यावरूनच लागतो.