ठिणगीची वेळ

मोटरसायकलचं इंजिन मोठं करून घेता येतं, हे ज्यांना ठाऊक नाही ती माणसं सुखी. पण ज्या घरात विशी-बाविशीचा मुलगा आहे आणि वडिलांच्या काळातली जुनी बुलेट आहे, त्या घराला हे अज्ञान फार दिवस परवडत नाही. एखाद्या रविवारी जेवताना विषय निघतोच. ‘बाबा, आपल्या साडेतीनशेची पाचशे करून घेऊ या का?’ आईला वाटतं, पाचशे रुपयांची गोष्ट चालली आहे. बाबांना खर्चाचा खरा आकडा कळतो, तोवर वरणभात गार झालेला असतो.

त्या खर्चाच्या यादीत सगळं असतं. मोठा ब्लॉक, नवा पिस्टन, हेडचं काम, कार्ब्युरेटरचे जेट, शिवाय गल्ली जागी करणारा सायलेन्सर. नसते ती एकच गोष्ट, जिला पैसे जवळजवळ पडत नाहीत. ती म्हणजे ठिणगीची वेळ नव्याने लावून घेणं. गॅरेजच्या भाषेत, टायमिंग. आणि घात नेमका तिथेच होतो.

आधी आकडे पाहू. जन्म बँकेत गेल्यावर ही खोड सुटत नाही. एनफिल्ड इंडिया मद्रासला १९५५ साली सुरू झाली. तिथल्या ज्या साडेतीनशे बुलेटने आपल्या दोन-तीन पिढ्या हिंडवल्या, तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली धाव ९०. हिशेब केला की ३४६ सीसी येतात. धाव तीच ठेवून व्यास ८४ केला की ४९९. व्यास वाढला २० टक्क्यांनी, पण पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ वाढलं ४४ टक्क्यांनी. चक्रवाढ व्याजासारखीच ही गंमत आहे.

आता आत काय घडतं ते बघा. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण फटाक्यासारखं एकदम उडतं, असा आपला समज असतो. खरं तर ते जळतं. गवताची गंजी एका कडेला पेटवली की जाळ सरकत सरकत दुसऱ्या कडेला जातो, तसंच. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले दोन-तीन भाग या जळण्याला लागतात. पण मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात दोन भागांतसुद्धा क्रँक ३६ अंश फिरून जातो. म्हणून पिस्टन माथ्याला पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. मग पिस्टन माथा ओलांडून खाली वळला की बारा-पंधरा अंशांवर दाब शिगेला पोचतो आणि रट्टा नेमका बसतो. झोपाळ्याला झोका देणाऱ्याला हे न शिकवता कळतं. झोपाळा परत फिरला की ढकलायचं. अजून अंगावर येत असताना ढकललं, तर मनगट जायचं.

जुन्या बुलेटला कंपनीने सांगितलेली सुरुवातीची वेळ अशी : पिस्टन माथ्यापासून ०.८ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडले पाहिजेत. क्रँकच्या भाषेत सुमारे नऊ-दहा अंश. पुढे वेग वाढला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आणखी आधी पडू लागते.

सिलिंडर मोठा केला की या व्यवस्थेला दोन ओढी लागतात, त्याही उलट दिशांना. पहिली ओढ अंतराची. बुलेटचा प्लग एका बाजूला असतो. व्यास वाढला की जाळाला जायची वाट लांबते, म्हणून ठिणगी थोडी आधी हवी. हीच वाट तोडण्यासाठी आपल्या पुण्याच्या बजाजने २००३ साली पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग बसवले.

दुसरी ओढ दाबाची. समजा, मूळ कॉम्प्रेशन साडेसहास एक होतं. म्हणजे पिस्टन वर आला की मिश्रणाला उरायची ६३ सीसी जागा. हेडमधली ती जागा तेवढीच ठेवून खाली ४९९ चा ब्लॉक बसवला, तर कॉम्प्रेशन जवळजवळ नवास एक झालं! इतकं दाबलेलं मिश्रण तापतं, भराभर जळतं आणि कोपऱ्यातलं उरलेलं, जाळ पोचण्याआधीच आपसूक पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. ते टाळायला ठिणगी मागे घ्यावी लागते.

एक ओढ पुढे, एक मागे. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावून चालत नाही.

तालुक्याच्या गावी मी शाखा सांभाळत होतो, तेव्हा समोरच एक गॅरेज होतं. दूध घालणाऱ्या एका तरुणाने तिथे आपल्या बुलेटचं इंजिन मोठं करून घेतलं. ब्लॉक नवा, पिस्टन नवा, पॉइंट मात्र अंदाजाने बसवलेले, वेळ फार आधी. तिसऱ्या दिवशी पहाटे किक उलटली आणि त्याचा घोटा मोडला. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. रतीब बुडाला, कर्जाचे दोन हप्ते थकले. ते खातं माझ्याच टेबलावर होतं, म्हणून हे सारं ठाऊक.

वेळ फार आधी असेल तर किक उलटी मारते, चढावर नॉकिंग होतं आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. फार मागे असेल तर गाडी ओढत नाही, सायलेन्सरचा पाइप तापून निळा पडतो आणि पेट्रोल नुसतं ढोसते.

जुने मिस्त्री हे काम कसं करत, ते पाहण्यासारखं होतं. आधी फीलर गेजने पॉइंटमधली फट बघायची. प्लग काढून गाडी टॉप गिअरला टाकायची आणि मागचं चाक हाताने हळूच फिरवत पिस्टन दाबाच्या धावेत खालून वर आणायचा. दिवा बंद, चावी चालू. पॉइंट उघडले की दिव्यावरच्या ॲमीटरचा काटा टुणकन शून्यावर येतो. तो क्षण आणि पिस्टनची ०.८ ची जागा एक होईपर्यंत पॉइंटची प्लेट केसभर इकडे, केसभर तिकडे करायची. मोठ्या केलेल्या इंजिनाला ही नुसती सुरुवात. मग जवळचा एखादा चढ गाठायचा, वरच्या गिअरमध्ये गाडी ओढायची आणि कान द्यायचे. खडे वाजले की खाली उतरून वेळ जरा मागे, पुन्हा चढ. पुढे पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, काटाही गेला. पण मूळ इंजिनासाठी आखलेला हिशेब मोठ्या इंजिनाला तपासून घ्यावा लागतो, हे बदललेलं नाही.

आणखी एक कान टोचायची गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि सीसी हा त्या पुस्तकातलाच आकडा. थर्ड पार्टी विम्यातही ३५० सीसीच्या वर वेगळा गट लागतो. अपघात झाला आणि इंजिन भलतंच निघालं, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. तेव्हा आधी आरटीओत चौकशी, मग गॅरेज.

एवढं करूनही मुलाचा हट्ट टिकलाच, तर मिस्त्रीला पैसे देण्याआधी एकच विचारा : ‘चढावर नेऊन टायमिंग बघितलंत का?’ बिलात ही ओळ नसते. ती लिहून घ्या.