‘म्हणजे जिम ट्रेनरच ना?’

दिवाळी सरली आणि परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरायचे दिवस आले की पालकांचे फोन सुरू होतात. यंदाचा पहिला फोन सांगलीहून आला. मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला, गुण उत्तम. तिने ठरवलंय, अमेरिकेत ‘ॲथलेटिक ट्रेनिंग’मध्ये मास्टर्स करायचं. वडील सभ्यपणे बोलत होते, पण आवाजातली काळजी लपत नव्हती. “मॅडम, चार वर्षं शिकवलं तिला. आता कर्ज काढून अमेरिकेला पाठवायचं, ते काय जिम ट्रेनर व्हायला?”

हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. शेजारी विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, आणि ज्यांना ठाऊक असायला हवं असे शिक्षकही विचारतात. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वेळी ते अपुरं पडतं. म्हणून आज सविस्तर.

जिममधला ट्रेनर निरोगी माणसाकडून व्यायाम करून घेतो. ते काम नीट करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. अमेरिकेतला ‘ॲथलेटिक ट्रेनर’ मात्र वैद्यकीय सेवेतला माणूस आहे. दुखापत टाळणं, झालीच तर मैदानावर जागच्या जागी तपासणं, जीव धोक्यात असेल तर तातडीचे उपचार करणं आणि पुढे खेळाडूला पुन्हा उभं करणं हे त्याचं काम, आणि ते तो डॉक्टरांच्या बरोबरीने, त्यांच्या मार्गदर्शनाखाली करतो. या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली. १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली. गोंधळ सगळा ‘ट्रेनर’ या एका शब्दाचा आहे. आपल्याकडे तो शब्द डंबेल्सच्या रॅकपाशी उभ्या असलेल्या माणसाला चिकटला आणि तिथून हलायला तयार नाही.

२ जानेवारी २०२३ची रात्र. सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. बफेलो बिल्सचा डमार हॅमलिन हा चोवीस वर्षांचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला अडवायला गेला, छातीवर धडक बसली. तो उठून उभा राहिला आणि पुढच्याच क्षणी मागे कोसळला. हृदय थांबलं होतं. मैदानावर त्याच्या छातीवर दाब देत राहिलेला माणूस होता संघाचा सहायक ॲथलेटिक ट्रेनर, डेनी केलिंग्टन. पुढे निदान झालं ‘कॉमोशिओ कॉर्डिस’ असं. हृदयाच्या ठोक्याच्या चक्रात एक अगदी नाजूक क्षण असतो, सेकंदाच्या काही हजारांश भागाएवढा. नेमका त्या क्षणी छातीवर आघात झाला तर धडधाकट हृदयही लय सोडून नुसतं थरथरू लागतं. मग छातीवर दाब देत राहायचं आणि लवकरात लवकर विजेचा झटका द्यायचा. झटका मिळायला जितका उशीर, तितकी वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. हॅमलिन वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला. सांगलीच्या त्या वडिलांना मी हेच विचारलं, की यातलं कुठलं काम तुम्हाला जिममधलं वाटतं?

दुसरं उदाहरण उन्हाचं, आणि ते आपल्याला जास्त जवळचं आहे. १ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर हा सत्तावीस वर्षांचा खेळाडू सराव शिबिरात उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने २०१० साली कनेक्टिकट विद्यापीठात संस्था उभी राहिली, आणि श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातावर आज जे काटेकोर शिकवलं जातं त्यात तिचा वाटा मोठा आहे. काय शिकवलं जातं? एक, हा उष्माघात होताना अंग कोरडंच पडेल असं नाही. रोगी घामाने निथळत असू शकतो. त्यामुळे ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ ही समजूत जीव घेऊ शकते. दोन, खूण शोधायची ती वागण्यातल्या बदलाची. माणूस असंबद्ध बोलतो, भांडायला उठतो, भेलकांडतो. तीन, ताप गुदद्वारातूनच मोजायचा, कारण कपाळावर धरायचं यंत्र आणि काखेतला थर्मामीटर अशा वेळी फसवतात. आतलं तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: प्रशिक्षित माणूस आणि सोय जागेवर असेल तर आधी थंड करायचं, मग रुग्णवाहिकेत घालायचं. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बुडवायचं आणि कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणायचं.

इथे शंका येणारच, म्हणून पुरावा सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये भर ऑगस्टात फॉलमथची सात मैलांची शर्यत होते. तिथल्या अठरा वर्षांच्या नोंदी २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. उष्माघाताचे २७४ रुग्ण बर्फाच्या पाण्यात बुडवले गेले आणि सगळेच्या सगळे वाचले.

आता आपल्याकडे बघा. जून २०१४मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत तरुण मुलं कोसळून दगावली. पाच किलोमीटर धावण्याची चाचणी, दिवस उकाड्याचे, आणि गावाकडून आलेली, नोकरीसाठी जिवाच्या आकांताने धावणारी पोरं. प्रत्येकाच्या मृत्यूचं वैद्यकीय कारण मी इथे बसून सांगणार नाही. पण जिथे शेकडो मुलं धावतात तिथे बर्फाचा टब, झटका देणारं यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस असतो का, हा प्रश्न मी प्रत्येक भरतीच्या आणि प्रत्येक मॅरेथॉनच्या मोसमात विचारते. ते काम ज्याला येतं, त्याला आपण ‘जिम ट्रेनर’ म्हणून हिणवतो, याचा मला राग येतो.

तर हे शिक्षण असतं कसं? अमेरिकेत हा पेशा आता पदव्युत्तर पातळीवरूनच सुरू होतो. पूर्वी पदवी पुरत असे. २०१५मध्ये निर्णय झाला आणि २०२२च्या शरदापासून पदवीच्या जुन्या अभ्यासक्रमांत नवे प्रवेश बंद झाले. साधारण दोन वर्षांचा अभ्यास. प्रवेशाआधी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय झालेले असावे लागतात, त्यामुळे कॉमर्स करून ‘खेळाची आवड आहे’ एवढ्यावर तिथे दार उघडत नाही. मग मानेला मार लागलेल्या खेळाडूला न हलवता हेल्मेट आणि पॅड कसे काढायचे, मेंदूला धक्का बसलेल्याला मैदानात परत कधी पाठवायचं आणि कधी अजिबात नाही, गुडघ्याचा अस्थिबंध फाटलाय की नुसता ताणलाय हे हातांनी कसं ओळखायचं, असं सगळं. यातलं बरंचसं वर्गात शिकवून येत नाही. शाळांच्या, कॉलेजांच्या संघांबरोबर, दवाखान्यांत, अनुभवी माणसाच्या नजरेखाली काम करावं लागतं, आणि त्यात निदान चार आठवडे पूर्ण वेळ फक्त तेच. त्यानंतर राष्ट्रीय मंडळाची परीक्षा, आणि त्यानंतर त्या त्या राज्याचा परवाना किंवा नोंदणी. कॅलिफोर्निया सोडलं तर तिथल्या सगळ्या राज्यांत या पेशावर कायद्याचं नियमन आहे.

इथेच मुलं एका जागी हमखास फसतात. ‘कायनेसिऑलॉजी’, ‘एक्सरसाइज सायन्स’, ‘स्पोर्ट्स सायन्स’ अशा नावांच्या मास्टर्स पदव्या डझनावारी आहेत आणि त्यांतल्या कित्येक फार चांगल्या आहेत. पण त्या घेतल्याने मंडळाच्या परीक्षेला बसता येत नाही. त्यासाठी त्या पेशाच्या मान्यता आयोगाने मान्य केलेला ॲथलेटिक ट्रेनिंगचाच अभ्यासक्रम लागतो. शिवाय ‘प्रोफेशनल’ आणि ‘पोस्ट-प्रोफेशनल’ असे दोन प्रकार असतात. दुसरा आधीच परवाना असलेल्यांसाठी आहे. एजंट ही बाब सांगत नाहीत, कारण त्यांनाही ती ठाऊक नसते. आणखी एक गोष्ट आपल्या फिजिओच्या मुलांनी ध्यानात घ्यावी: ही पदवी म्हणजे अमेरिकेत फिजिओथेरपीचा परवाना नव्हे. तिथे फिजिओथेरपीचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळी. आणि भारतात परत आलात तर मैदानावरचं हे काम प्रामुख्याने फिजिओथेरपिस्टच करतात, म्हणजे तुमची इथली पदवीच तुमचा आधार असते. हे कटू वाटेल, पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी माहीत हवं.

दुसरा गैरसमज देशी आहे: क्रीडाविज्ञानात एम.एस्सी. म्हणजे पी.टी.चे सर. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. आणि एम.पी.एड. ही शिक्षक घडवणारी वाट, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीतली, आणि महाराष्ट्रात तिला मोठी परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. क्रीडाविज्ञानाचं काम निराळं. तिथे मोजमाप असतं: खेळाडू जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतो, उडी मारताना पाय जमिनीवर किती बल लावतो, सरावाचा भार आणि झोप यांचा मेळ बसतोय का. नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ला टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला तेव्हा त्याच्यासोबत असलेले क्लाउस बार्टोनिट्झ हे जैवयांत्रिकीचे तज्ज्ञ. दोन्ही वाटा मानाच्या आहेत, पण एकीचं तिकीट काढून दुसरीच्या गावाला पोचता येत नाही.

‘यात शिकण्यासारखं काय आहे, खेळाडूंना सगळं अनुभवाने कळतं’ असंही ऐकते. अनुभवाने काय कळतं त्याचा एक नमुना देते. ‘लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून अंग दुखतंय’ हे वाक्य तालमीपासून टीव्हीवरच्या समालोचनापर्यंत सगळीकडे आहे. सिंहगड चढून उतरलेल्या कुणालाही विचारा. चढताना छाती फुटायची वेळ येते, पण मांड्या धरतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना. हे लॅक्टिक ॲसिड, म्हणजे रक्तात मोजतात ते लॅक्टेट, तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात जवळपास पूर्वपदावर येतं. मग ते परवा कसं दुखवेल? १९८३ साली हे तपासून झालं आहे. लोकांना ४५ मिनिटं पळवलं, सपाटीवर आणि उतारावर. सपाटीवर रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण नंतर दुखलं नाही. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही आणि दुखलं मात्र चांगलंच. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि दुखतं ते तिच्यामुळे. लॅक्टेट तर इंधन आहे, हृदयही ते वापरतं. चाळीस वर्षं उलटली तरी आपले प्रशिक्षक मुलांना ‘ॲसिड काढायला’ धावायला लावतात. सावकाश धावून बरं वाटत असेल तर जरूर धावा, पण त्याचं कारण हे नव्हे.

बर्फाचंही असंच. दुखापतीला विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणं हे सूत्र १९७८ साली गेब मर्किन या डॉक्टरांनी पुस्तकात मांडलं, आणि पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं व्हायला उशीर होऊ शकतो. वेदना कमी करायला थोडा वेळ बर्फ ठीक. महिनाभर रोज शेकत बसणं नको.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पोटाचे व्यायाम केल्याने नेमकी पोटाचीच चरबी जात नाही. खिशातल्या कांद्याने उष्माघात टळत नाही. क्रीडाविज्ञान शिकायला स्वतः राष्ट्रीय खेळाडू असावं लागत नाही. गणिताची भीती मात्र सोडावी लागते, कारण संख्याशास्त्र सुटत नाही. ‘पावडरच्या डब्यावर लिहिलं नव्हतं’ ही सबब उत्तेजक चाचणीत सुटका करत नाही, कारण शरीरात जे सापडेल त्याची पहिली जबाबदारी खेळाडूचीच असते. आणि मुलींना हे क्षेत्र झेपत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या वर्गात येऊन बसावं.

सांगलीच्या त्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी मुलीची यादी पाठवली. पाच विद्यापीठं होती. दोन ठिकाणचा अभ्यासक्रम नुसता कायनेसिऑलॉजीचा होता आणि एक ‘पोस्ट-प्रोफेशनल’. त्या तिन्हींवर फुली मारली, उरलेल्या दोन्हींची नावं मान्यता आयोगाच्या यादीत तपासली आणि उत्तर पाठवलं. संध्याकाळी तिचा स्वतःचाच फोन आला. तिला विचारायचं होतं, भौतिकशास्त्र बारावीला होतं तेवढं पुरेल, की पदवीच्या पातळीवरचं वेगळं करावं लागेल.