वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे

सातपुड्याच्या कुशीत राहणाऱ्या आपणा देडतलाईकरांस रस्त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ऐन पावसाळ्यात एखादी मोरी वाहून गेली किंवा रस्त्यात मोठे झाड आडवे पडले, की मालमोटारी जागच्या जागी थांबतात आणि आजारी माणसास दवाखान्यात कसे न्यावे याची घरोघर चिंता पडते. अशा वेळी वाट मोकळी करून देणारा माणूस देवासारखा वाटतो. मग ज्याने शत्रूच्या गोळीबारात, स्वतः जखमी असताना, चार दिवस हेच काम केले त्याची थोरवी केवढी असेल! अशा एका वीराचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या मुलाबाळांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिये या गावी झाला. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या वरचेवर बदल्या होत, त्यामुळे मुलाचे शिक्षण जिल्ह्यातील निरनिराळ्या शाळांतून झाले. घरची स्थिती बेताचीच. दुसरे महायुद्ध सुरू असताना, १० जुलै १९४० रोजी, ते सैन्यात साधे शिपाई म्हणून दाखल झाले. त्यांचे पथक होते बॉम्बे इंजिनिअर्स, म्हणजे आपले जुने लोक ज्यास ‘सफरमैना पलटण’ म्हणत ते. ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी जपान्यांशी झालेल्या लढाईत काम केले आणि पायरीपायरीने वर चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळविला.

सफरमैनांचे काम काय, हे येथे सांगितले पाहिजे. पूल बांधणे, रस्ते करणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे, ही त्यांची कामे. सुरुंग जमिनीत पुरलेला असतो. त्यावर पाऊल वा चाक पडले की स्फोट होतो. म्हणून तो हलक्या हाताने चाचपून शोधावा लागतो. शत्रू समोरून गोळ्या झाडीत असता लढवय्या शिपाई आडोसा घेऊ शकतो, उलट गोळी झाडू शकतो. सुरुंग काढणाऱ्याचे दोन्ही हात मात्र कामात गुंतलेले असतात. मन शांत ठेवणे हेच त्याचे शस्त्र होय.

१९४७ च्या नोव्हेंबरात हल्लेखोरांनी जम्मू भागातील राजौरी हे गाव घेतले व तेथे मोठा नरसंहार झाला. ते सोडविण्यासाठी १९४८ च्या एप्रिलमध्ये आपले सैन्य नौशेऱ्याहून निघाले. रणगाड्यांवाचून राजौरी गाठणे कठीण, आणि रणगाड्यांस रस्ता हवा. तो डोंगरी रस्ता शत्रूने ठिकठिकाणी अडविला होता. तो मोकळा करण्याची जबाबदारी राणे यांच्या तुकडीवर आली. हुद्दा मिळून त्यांस चार महिनेही झाले नव्हते.

८ एप्रिल रोजी सकाळी अकराच्या सुमारास तुकडी रणगाड्यांजवळ काम सुरू करण्याच्या तयारीत होती, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले. पाच जखमी झाले, त्यांत स्वतः राणेही होते. त्यांनी तुकडी पुन्हा सावरली व लागलीच कामास आरंभ केला. दुपारी साडेचारला बरवालीची डोंगरधार आपल्या हाती आली. शत्रू अजून आसपास होता, तरीही रणगाड्यांसाठी बाजूने वळणरस्ता काढण्याचे काम त्यांनी रात्री दहापर्यंत चालविले.

९ तारखेस सकाळी सहास पुन्हा काम सुरू झाले. तीन वाजता तो रस्ता तयार झाला. राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर चीडाची झाडे आडवी टाकलेली आढळली. ती सुरुंगाने उडविली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे एक मोरी उद्ध्वस्त केलेली, तेथे मशीनगनच्या माऱ्यात दुसरी वाट काढावी लागली. दिवस मावळता मावळता पाच मोठ्या झाडांचा अडसर लागला. त्याच्या भोवती सुरुंग पेरलेले. राणे तेही काढू लागले होते, परंतु वरिष्ठांनी रात्रीपुरता मुक्काम करविला.

१० तारखेस पहाटे पावणेपाचला काम पुन्हा सुरू झाले आणि साडेसहापर्यंत तो अडसर दूर झाला. पुढील हजार यार्ड रस्ता साडेदहापर्यंत मोकळा केला. दुपारी दोनला रणगाडे चिंगस येथे पोहोचले. तथापि रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांस रस्ता हवाच होता, म्हणून राणे अन्न वा विश्रांती न घेता रात्री नऊपर्यंत राबत राहिले. ११ तारखेस सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि पुढचे काम रात्री दहापर्यंत चालू राहिले. १२ एप्रिल रोजी आपले सैन्य राजौरीत शिरले.

या कामगिरीबद्दल त्यांस परमवीर चक्र मिळाले. युद्धातील शौर्याचा हा भारतातील सर्वोच्च सन्मान २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला. या पदकाचे चित्र सावित्रीबाई खानोलकर यांनी काढले. त्या जन्माने युरोपियन, परंतु मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी होत. पदकावर इंद्राची चार वज्रे आहेत. वज्रासाठी दधीची ऋषींनी स्वतःच्या अस्थी दिल्या, ही कथा आपण सर्व जाणतोच. काश्मीरच्या त्या युद्धात पाच जणांस हे पदक मिळाले. त्यांपैकी तिघांस ते मरणोत्तर मिळाले. राणे व लान्स नायक करम सिंह हे दोघेच ते स्वतः स्वीकारण्यास हयात होते.

पुढे मेजर होऊन राणे निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. कारवारात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले.

हे सारे योग्यच झाले. परंतु पहिल्याच दिवशी त्यांच्या शेजारी पडलेल्या दोन जवानांची नावे आज कितीजणांच्या ओठांवर आहेत? रस्ता सुरू झाला की तो कोणी मोकळा केला, हे त्यावरून जाणाऱ्यास ठाऊक नसते. म्हणून आपल्या मुलांस राणे यांची गोष्ट सांगताना त्या दोघांचीही आठवण करून द्यावी. दुसऱ्यासाठी वाट करून देणे हेही शौर्यच आहे, आणि ते घरीदारी, गावी, संस्थेत प्रत्येकास आपल्या शक्तीप्रमाणे करता येण्यासारखे आहे.