आज्ञेची भाषा आणि आधुनिक संस्थांतील नेतृत्व

देऊळगाव राजा या गावाच्या नावातच दोन सत्तांचा उल्लेख आहे. एक देवळाची व दुसरी राजाची. आमना नदीच्या काठी वसलेल्या, बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी बालाजीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. त्याची परंपरा जाधव घराण्यातील राजे जगदेवराव यांच्याशी जोडली जाते. जिजाबाईंचे माहेर असलेले सिंदखेड राजा येथून दूर नाही. या दोन जुन्या सत्तांच्या शेजारी आज तिसऱ्या प्रकारच्या संस्था उभ्या आहेत : नगरपरिषद, पंचायत समिती, तहसील कचेरी, बाजार समिती, शाळा व महाविद्यालये. या संस्थांची प्रमुखपदे कोणाच्या घरात चालत येत नाहीत. ती निवडणुकीने, नेमणुकीने अथवा बढतीने मिळतात आणि मुदत संपताच सोडावी लागतात.

अशा पदावर बसलेल्या व्यक्तीने चांगले नेतृत्व कसे करावे, हा प्रश्न सामान्यतः व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. परंतु प्रमुखाचे बरेचसे काम शब्दांनीच होते. तो सांगतो, विचारतो, आश्वासन देतो, नकार देतो, शेरा लिहितो. जॉन ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविले, की बोलणे हे केवळ वर्णन नसून कृतीही असते. त्यामुळे हा प्रश्न भाषेच्या अंगानेही तपासता येतो. आणि मराठी भाषेने या बाबतीत काही सोयी व काही पळवाटा अशा दोन्ही गोष्टी निर्माण करून ठेवल्या आहेत, असे दिसून येते.

१. नेतृत्ववाचक शब्दांचा प्रवास

मराठीतील नेतृत्ववाचक शब्दांत जागेची कल्पना प्रबळ आहे. 'पुढारी' म्हणजे पुढे असणारा. 'मुकादम' हा अरबी शब्दही मूळ अर्थाने पुढे ठेवलेला असाच आहे. 'म्होरक्या' हाही पुढच्या तोंडाचाच माणूस होय. 'देशमुख' या शब्दात तर 'मुख' उघडच दिसते. 'नेता' या संस्कृत शब्दाचा धातू मात्र 'नी', म्हणजे नेणे, हा आहे. पुढे असणे आणि इतरांना नेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव या शब्दभेदात दडलेली आहे.

या शब्दांची पुढील वाटचालही बोधप्रद आहे. एके काळी गावच्या पाटलाला मुकादम म्हणत; आज तो शब्द मजुरांच्या टोळीप्रमुखापुरता उरला आहे. 'पुढारी' या शब्दाला उपहासाची छटा आली. 'पाटील' व 'देशमुख' ही पदे होती, ती आडनावे झाली. पद आडनावात स्थिरावते तेव्हा अधिकार कामाशी नव्हे, तर जन्माशी बांधला गेलेला असतो. मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने अधिसत्तेचे जे तीन प्रकार सांगितले, परंपरागत, दैवी गुणांवर आधारलेली आणि नियमाधिष्ठित, त्यांपैकी वतनदारी ही पहिल्या प्रकारात मोडते. वतनदाराला आपला अधिकार दररोज सिद्ध करावा लागत नसे. त्याच्या आज्ञेमागे पिढ्यांचे वजन असे.

वऱ्हाडात १८५३ नंतर इंग्रजी कारभार सुरू झाल्यावर परगण्याच्या वतनदारांचे महत्त्व ओसरत गेले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे स्थित्यंतर वेगाने पुरे झाले. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा १९६१ चा असून त्या १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या. महसुली पाटलांची पदे रद्द करणारा कायदा १९६२ चा. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. याच काळात, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि 'संचालक', 'अधीक्षक', 'आयुक्त', 'अभियंता' यांसारखी पदनामे राज्यकारभारात रूढ झाली. संचालक म्हणजे चालविणारा, अधीक्षक म्हणजे देखरेख करणारा. ही नावे घराण्याची नव्हेत, कामाची आहेत. पदनामे बदलली; आज्ञा देण्याची रीत मात्र तेवढ्या सहजतेने बदलली नाही.

२. मराठीतील आज्ञेच्या पायऱ्या

एकच काम सांगण्यासाठी मराठीत किती रूपे उपलब्ध आहेत, हे पाहण्यासारखे आहे. 'यादी कर', 'यादी करा', 'यादी करावी', 'यादी करायची आहे', 'यादी कराल का?', 'यादी करू या', 'यादी करण्यात यावी'. या रूपांचा फरक केवळ सौजन्याच्या मात्रेचा नाही. प्रत्येक रूप सांगणारा, ऐकणारा आणि काम या तिघांचे नाते निराळे मांडते. 'करा' या रूपात ऐकणारा स्पष्ट आहे. 'करायची आहे' यात कामाची निकड पुढे येते आणि सांगणारा मागे सरतो. 'करू या' यात दोघेही कामाला बांधले जातात. 'करण्यात यावी' या शेवटच्या रूपात मात्र कोणी सांगितले व कोणी करावयाचे, हे दोन्ही लुप्त होते.

हे शेवटचे रूप आजच्या कचेरीचे लाडके रूप आहे. कर्त्याचा उल्लेख करावयाचाच झाल्यास तो 'कार्यालयातर्फे' अथवा 'विभागामार्फत' असा येतो. म्हणजे माणसाच्या जागी इमारत येते. शिवकालीन पत्रव्यवहाराशी याची तुलना करावी. त्या पत्रांतही 'करणे' असे कर्तानिरपेक्ष भासणारे आज्ञारूप आढळते. परंतु पत्राच्या आरंभी पाठविणारा कोण, पत्र कोणाला आणि मिती कोणती, हे स्पष्ट असते. राजसत्ता व्यक्तिनिष्ठ होती खरी, पण त्यामुळे आज्ञेला धनी होता. आजच्या कागदावर सही असते, जावक क्रमांक असतो, तरीही वाक्याला धनी नसतो.

३. आज्ञा निर्व्यक्तिक कशी असावी

येथे एक आक्षेप संभवतो. आज्ञेतून व्यक्ती काढून टाकणे हे आधुनिक व्यवस्थापनविचाराचेच सूत्र नव्हे काय? मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले, की एका माणसाने दुसऱ्याला आज्ञा देऊ नये. दोघांनी मिळून परिस्थितीचा अभ्यास करावा आणि परिस्थिती जी आज्ञा देईल ती दोघांनी पाळावी. यास तिने परिस्थितीचा नियम म्हटले. मग 'करण्यात यावे' हा प्रयोग म्हणजे या नियमाचे मराठी रूपच नव्हे का?

तसे नाही, आणि हा भेद ध्यानात घेणे हेच या विवेचनाचे मर्म होय. फॉलेट आज्ञेतील कारण निर्व्यक्तिक करू इच्छिते. कचेरीचा प्रयोग आज्ञेतील जबाबदारी निर्व्यक्तिक करतो. समजा, एखाद्या गावात उन्हाळ्यात पाणी कमी पडणार आहे. 'पाणीवाटपाचे योग्य नियोजन करण्यात यावे' असे परिपत्रक निघाले, तर त्यात कारण नाही, कर्ता नाही, मुदतही नाही. सांगणाऱ्याचा वरचष्मा मात्र अबाधित आहे. उलट 'टाकीत चार दिवसांचे पाणी आहे. म्हणून गुरुवारपासून प्रत्येक भागाला एक दिवसाआड पाणी सोडायचे. वेळापत्रक पाणीपुरवठा अभियंत्यांनी बुधवारी दुपारपर्यंत लावावे. तक्रारी मुख्याधिकारी स्वतः ऐकतील' असे म्हटले, तर आज्ञा परिस्थितीतून निघते आणि जबाबदारी माणसांवर येते. पहिल्या वाक्याचे पालन झाले की नाही हे ठरविताच येत नाही. दुसऱ्याचे ठरविता येते, आणि ते सांगणाऱ्यालाही लागू पडते.

परिस्थितीचा नियम म्हणजे काय, हे देऊळगाव राजाच्या रहिवाशाला पुस्तकावाचून कळण्यासारखे आहे. बालाजीच्या आश्विनातील यात्रेत लाटा-मंडपोत्सव होतो. उंच लाकडी लाटा दोरांच्या साहाय्याने उभ्या केल्या जातात व त्यांवर मंडप उभारतात. कोणताही उंच खांब अनेकांनी दोर ओढून उभा करावयाचा असता, कोणत्या बाजूने ओढावे आणि कोणत्या बाजूने सैल सोडावे हे खांबाचा कलच सांगतो. हाका देणारा माणूस असतो. पण त्याची हाक मानली जाते ती खांबाकडे सर्वांची नजर असते म्हणून. त्याची हाक चुकली तर ते सर्वांना तत्क्षणी दिसते. आधुनिक संस्थेत खांब असा डोळ्यांसमोर नसतो. तो आकड्यांत, नोंदवहीत, अर्जांच्या गठ्ठ्यात असतो. म्हणून तो सर्वांना दाखविणे हे प्रमुखाचे पहिले काम ठरते.

चेस्टर बर्नार्ड या अनुभवी व्यवस्थापकाने १९३८ मधील आपल्या ग्रंथात म्हटले, की आज्ञेला अधिकार प्राप्त होतो तो ती देणाऱ्याच्या पदामुळे नव्हे, तर ती घेणाऱ्याच्या स्वीकारामुळे. यासाठी त्याने ज्या अटी घातल्या त्यांपैकी पहिलीच अशी, की आज्ञा घेणाऱ्याला ती समजली पाहिजे. धनी नसलेले वाक्य या पहिल्याच अटीत नापास होते.

४. 'आम्ही' आणि 'आपण'

मराठीला लाभलेले एक मोठे साधन म्हणजे प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे. 'आम्ही' यात ऐकणारा वगळलेला असतो; 'आपण' यात तो समाविष्ट असतो. इंग्रजी व प्रमाण हिंदीत हा भेद सर्वनामाच्या रूपाने व्यक्त होत नाही. द्रविड भाषांच्या सान्निध्यातून तो मराठीत दृढ झाला, असे अनेक भाषावैज्ञानिक मानतात. वऱ्हाडी आणि मराठवाडी बोलींच्या सीमेवर असलेल्या या भागात 'आपुन' हे रूप रोजच्या बोलण्यात ऐकू येते.

परंतु 'आपण' हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे आणि या संदिग्धतेत एक पळवाट आहे. 'आपण हे काम उद्यापर्यंत संपवू' असे प्रमुख म्हणतो तेव्हा तो स्वतः त्या कामात आहे काय? बहुधा नसतो. कामाच्या वेळी 'आपण', यशाच्या वेळी 'आम्ही' आणि चुकीच्या वेळी 'तुम्ही' अशी सर्वनामांची वाटणी होऊ लागली, की हाताखालच्या माणसांना ती फार लवकर उमगते. मग त्या संस्थेत 'आपण' हा शब्द ऐकताच माणसे सावध होतात. सर्वनामांतून सत्ता व जवळीक कशी व्यक्त होते, याचा अभ्यास ब्राउन व गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांच्या आधारे केला. मराठीत त्याला या सर्वसमावेशक रूपाची जोड द्यावी लागेल.

खऱ्या 'आपण'ची कसोटी सोपी आहे. वाक्यातील श्रम आणि दोष या दोहोंत बोलणाऱ्याचा वाटा आहे काय, हे पाहावे. असल्यास 'आपण' म्हणावे. नसल्यास 'तुम्ही करा, मी पाहीन' हे स्पष्ट वाक्य अधिक प्रामाणिक होय आणि म्हणून अधिक आदराचेही होय.

५. खालून वर जाणारी भाषा

नेतृत्वाचा विचार करताना वरून खाली येणारे शब्दच मोजले जातात. वस्तुतः संस्थेचे आरोग्य खालून वर जाणाऱ्या शब्दांवर अवलंबून असते. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले, की ज्या गटात शंका विचारणे व चूक कबूल करणे माणसांना धोक्याचे वाटत नाही, तो गट अधिक शिकतो. मराठी कचेरीत हे अवघड होते याचे एक कारण आदराच्या संकेतांत आहे. 'होय साहेब' हा उद्गार ऐकल्याची पोच आहे, समजल्याची खूण आहे की संमती आहे, हे त्या उद्गारावरून ठरत नाही. प्रमुख त्यास संमती समजतो. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा केवळ पोच असते. 'समजले का?' या प्रश्नाला 'होय' याखेरीज उत्तर देणे शिष्टाचारात बसत नाही. 'यात अडचण कोठे येईल?' असा प्रश्न मात्र अडचण सांगण्याची मुभाच नव्हे, तर अपेक्षा व्यक्त करतो.

संविधानाच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्यानंतर स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्म्यावर गेले. भाषेने या बदलाची नोंद दोन प्रकारे घेतली. 'नगराध्यक्षा' हे रूप रूढ झाले. आणि त्याच काळात 'सरपंचपती' हा विचित्र समासही जन्मास आला. हा समास सांगतो, की पद एकीकडे व आज्ञा दुसरीकडे अशी फारकत अद्याप होऊ शकते. पत्नीच्या पदावर पतीने बोलणे ही वतनदारीचीच नवी आवृत्ती होय. तिच्यावर कायद्याइतकाच उपाय सभेतील बोलण्याच्या पद्धतीत आहे. ज्या व्यक्तीच्या नावे पद आहे तिलाच प्रश्न विचारावा आणि तिच्याच उत्तराची नोंद इतिवृत्तात घ्यावी.

६. उपसंहार

कुर्ट लेविन व त्याचे सहकारी लिपिट आणि व्हाइट यांनी १९३९ मध्ये मुलांच्या छोट्या मंडळांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. हुकूमशाही पद्धतीच्या मंडळात प्रमुख खोलीबाहेर गेला, की काम मंदावे. लोकशाही पद्धतीच्या मंडळात ते बरेचसे पूर्ववत चालू राही. नेतृत्वाची परीक्षा प्रमुखाच्या उपस्थितीत नव्हे, तर त्याच्या अनुपस्थितीत होते, हा त्याचा इत्यर्थ. आधुनिक संस्थेचा प्रमुख तर मुदतीचाच पाहुणा असतो. खोलीबाहेर जाणे त्याला अटळ आहे.

तो गेल्यावर मागे काय उरते? दप्तरातील वाक्ये आणि माणसांना लागलेल्या बोलण्याच्या सवयी. त्या वाक्यांत कारण असेल, कर्ता असेल, मुदत असेल. 'आपण' म्हटले तेथे बोलणारा खरोखरच सामील असेल. आणि नकार व शंका यांचीही इतिवृत्तात नोंद असेल, तर पुढच्या प्रमुखाला काम कोठून उचलावे हे कळते. नसेल, तर त्याला जुन्या परिपत्रकाखाली नवे परिपत्रक काढावे लागते, आणि त्यातही बहुधा 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' एवढेच लिहिलेले असते.